कुरण पेरणारे

नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या कृषी सेवा केंद्रात चाऱ्याचं बी मागितलं की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: जनावरं किती आणि पाणी किती? उत्तर ऐकून तो लसूणघास, बरसीम, मका नाहीतर कडवळ पुढे करतो. ‘हरणं यावीत म्हणून पेरायचंय’ असं कुणी म्हणालं, तर तो आधी हसेल आणि मग गिऱ्हाईकाकडे जरा निरखून पाहील. हरणं पिकात येऊ नयेत म्हणून रात्र रात्र जागणारा शेतकरी त्याच्या ओळखीचा आहे. त्यांना आवतण देणारा नाही.

अमेरिकेत असं आवतण रीतसर दिलं जातं. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात करता येते. ज्याची स्वतःची जमीन आहे तो जंगलाच्या कडेला अर्ध्या-एक एकराचा तुकडा त्यासाठी राखतो. माती तपासून घेतो, आम्ल निघाली तर चुना टाकतो, बरसीमच्या जातकुळीतला क्लोव्हर, ओट आणि सलगम पेरतो. थंडी कडक झाली की सलगमाच्या पाल्यात गोडी उतरते आणि हरणं तिकडे वळतात. मचाण कुठे बांधायचं, हे वारा कुठून वाहतो त्यावर ठरतं. आपल्या द्राक्षबागायतदाराला यातलं गणित चटकन कळेल. फक्त पीक कोण खाणार आणि शेवटी काय कापलं जाणार, एवढाच फरक.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद केलं. पण हरणांसाठी रान तयार करण्याची विद्या महाराष्ट्रात जिवंत आहे, इतकंच नव्हे तर गेल्या वीसेक वर्षांत ती चांगली रुजली आहे. ती वापरतो वनविभाग. व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकायचा तर चितळ-सांबर हवेत आणि त्यांना गवत हवं. मेळघाटातल्या बोरी, कोहा, कुंड आणि पुढे वैराट, चुर्णी या गावांचं पुनर्वसन झालं. ताडोब्यात नवेगाव-रामदेगी उठलं. मागे राहिली नांगरटीची मोकळी जमीन. ती तशीच सोडली तर तिथे गवत येतं ही समजूत चुकीची आहे. पहिल्या पावसाळ्यात येतो तो तरोटा, पाठोपाठ रानतुळस, गाजरगवत आणि घाणेरी. यातलं काहीच चितळ आवडीने खात नाही.

म्हणून कुरणाची पहिली दोन-तीन वर्षं पेरणीपेक्षा उपटणीत जातात. तण फुलावर येण्याआधी, म्हणजे भर पावसात, मुळासकट काढावं लागतं. एकदा बी सांडलं की पुढच्या वर्षीची मजुरी वाढलीच. अमरावतीचे गवत-अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी हे काम राज्यातल्या आणि बाहेरच्याही जंगलांत शिकवलं. त्यांचा भर स्थानिक गवतांवर आहे. हा आग्रह मला हट्टाचा वाटत नाही. लसूणघासाला पाणी लागतं, बरसीमला तर आणखी. पवन्या, मारवेल, डोंगरी, अंजन ही गवतं मात्र मृगाच्या सरींवर उठतात, सात-आठ महिने कोरडं सोसतात आणि ठोंब जिवंत ठेवून पुढच्या पावसाची वाट पाहतात.

पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ रानांची पाहणी करून १९७३ साली त्यांचे पाच प्रकार मांडले. दख्खनचं पठार ज्या प्रकारात येतं त्याला त्यांनी पवन्या आणि मारवेल यांच्याच प्रजातींची शास्त्रीय नावं दिली. म्हणजे इथे काय पेरावं याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच छापून झालं होतं.

अडचण बियाण्याची. मारवेलचं बी हलकं, लवदार, फुंकर मारली तर उडणारं. पेरणीयंत्रातून ते नीट सुटत नाही, म्हणून ओलसर मातीत कालवून हाताने फोकतात किंवा मातीच्या गोळ्यांत घालतात. खोल गेलं की उगवत नाही. जेमतेम सेंटिमीटरभर माती पुरे. पुष्कळ रानगवतांचं ताजं बी पेरलं तर रुसतं. काही महिने साठवून त्याची झोप मोडावी लागते. त्यामुळे ऑक्टोबर-डिसेंबरात विळ्याने लोंब्या कापून आणायच्या, वाळवून पोत्यात ठेवायच्या आणि पुढच्या जूनला वापरायच्या. जिथे घाई असेल तिथे ठोंब फोडून लावतात, उसाचं बेणं लावावं तसं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण काढले आहेत, पण ते गोठ्याचा विचार करून. रानासाठी बी स्वतःच राखावं लागतं. ज्या कुरणाला स्वतःचा बियाण्याचा तुकडा नाही ते दरवर्षी उधारीवर चालतं.

कुसळीचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. पावसाच्या सुरुवातीला हिरवी कुसळी हरणं खातात. दाणा भरला की तिची कुसळं तोंडाला आणि कातड्याला टोचतात, आणि ते गवत उभं असूनही उपयोगाचं राहत नाही. कुठलंही गवत फुलावर आलं की त्यातली प्रथिनं उतरतात, काडी चिवट होते. त्यामुळे चांगलं कुरण एकसारखं दिसत नाही. कुठे गुडघाभर, कुठे नुकतं कापलेलं, कुठे मोकळी माती, असं ठिगळाठिगळाचं असतं. उंच गवतात पाडस लपतं, आखूड गवतात मोठी जनावरं चरतात.

काळविटाला तर आखूडच हवं. धोका दुरून दिसावा आणि पळायला रान मोकळं असावं, यावर त्याचा सगळा जीव. म्हणून माळावर झाडं लावण्याचा उत्साह त्याच्या मुळावर येतो. सोलापूरकडच्या माळरानांवर गिरिपुष्प लावलं गेलं तेव्हा हेतू चांगलाच होता, पण माळढोक आणि काळवीट दोघांच्याही दृष्टीने ती अडगळ झाली. उलट, त्याच भागात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नुसतं चराईबंदी करून राखलेल्या तुकड्यांवर गवत आपसूक परतलं. ‘हिरवं’ म्हणजे झाड, हे आपल्या सरकारी डोक्यातून अजून गेलेलं नाही.

काळविटामागे पूर्वी वेगळ्या कारणाने माणसं लागत. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी चित्तेवान असत आणि शिकवलेले चित्ते माळावर काळविटावर सोडले जात. देशातले चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. २०२२मध्ये आफ्रिकेतले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, तेव्हाही भक्ष्याचा आणि गवताचा प्रश्न आधी सोडवावा लागला.

नाशिक जिल्ह्यात हे सगळं जवळून पाहायचं तर वणीहून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, येवला तालुक्यात जावं लागतं. सप्तशृंगीच्या डोंगररांगा मागे पडतात, पाऊस आटत जातो आणि ममदापूर-राजापूरचा माळ लागतो. इथलं सुमारे ५४ चौरस किलोमीटर वनक्षेत्र २०१४मध्ये काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. मात्र माळाला लागून शेतं आहेत आणि खरी स्पर्धा तिथे आहे. वनविभागाचं गवत पिवळं पडतं तेव्हाच शेजारच्या रानात हरभरा कोवळा असतो आणि कांदा हिरवागार. अमेरिकन शिकारी पैसे मोजून जे करतो ते येवल्याचा शेतकरी न मागता, स्वतःच्या खर्चाने करतो. पीकनुकसानीची भरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणं यांतून.

म्हणून इथल्या आखणीत जून-जुलैची पेरणी सोपी आणि जानेवारी ते मे अवघड. त्या दिवसांत कळप माळावर धरून ठेवतं ते मुख्यतः पाणी. पाणी नसलं की काळविटं विहिरींकडे वळतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात, नाहीतर गावकुत्र्यांच्या तावडीत सापडतात. तेव्हा टँकरने भरायचा पाणवठाही विचार करून बांधावा लागतो. तो शेताच्या बांधापासून आणि डांबरी रस्त्यापासून लांब, माळाच्या आत हवा. भोवती दाट झुडूप नको, कारण आडोसा दिसला की काळवीट तोंड लावत नाही. आणि कडा उभ्या नकोत. उतार इतका सावकाश हवा की आत उतरलेलं पाडस आपल्या पायांनी वर येईल.