ठोकलेल्या जुन्या गाडीचा हिशेब

गोव्यातल्या मालप्याच्या उतारावर पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला, किंवा डिचोलीच्या वाटेवर अंधारात गुरं आडवी आली. कारण काहीही असो, बारा वर्षांची गाडी टोचन लावून गॅरेजात पोचली की घरोघरी एकच हिशेब मांडला जातो: खर्च नव्वद हजार, गाडीची किंमत सव्वा लाख, म्हणजे दुरुस्ती परवडली. मला हा हिशेब पटत नाही. सव्वा लाख ही ठोकण्याआधीची किंमत. दुरुस्त गाडी विकायला काढा, घेणारा आधी बोनेट उघडून वेल्डिंगच्या खुणा शोधतो. आणि नव्वद हजार हा वरून दिसणाऱ्या नुकसानीचा आकडा. पुढचा भाग खोलला की तो फुगतोच.

विमा आहे ना, असं म्हणण्याआधी पॉलिसी काढून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीला दमडी मिळत नाही. चूक समोरच्याची असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावता येतो, पण तोवर गाडी गॅरेजात कुजते. कॉम्प्रिहेन्सिव्ह असली तरी दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर तर वय न बघता 50 टक्के. म्हणजे सुट्या भागांचं बिल साठ हजार झालं, तर त्यातले तीस आपल्या खिशातून. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. पाच वर्षांनंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक दोघांच्या संमतीने ठरतो. हप्ता कमी बसावा म्हणून तो दरवर्षी उतरवत नेणाऱ्यांची गाडी लवकर टोटल लॉसमध्ये जाते, आणि हातात पैसेही तुटपुंजे येतात.

खरा निकाल मात्र पत्र्यात असतो. आजच्या बहुतेक कारना वेगळी चासी नसते. बॉडीच सगळा भार पेलते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एप्रन असतात, पुढचं सस्पेन्शन त्यांनाच टेकलेलं. बंपर, बोनेट, फेंडर बदलता येतात, जुन्या बाजारातून आणले तरी चालतात. एप्रन मुरगळला असेल तर तो मापात ओढून आणावा लागतो, नाहीतर गाडी कायम एका बाजूला ओढते आणि टायर खाते. त्यात आपला पाऊस. मोरजी-हरमलला खारी हवा, डिचोलीकडे चाकांच्या कमानीत साचणारा लाल चिखल. टिंकरला बिल नंतर विचारा. आधी गाडी रॅम्पवर चढवून दरवाजाखालच्या पत्र्यावर आणि फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हर दाबून दाखवायला सांगा. टोक आत गेलं तर विषय संपला. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, तो कागदासारखा जळत जातो. वरून लांबी आणि रंग मारून देणारे भेटतील, पण पुढच्या धडकेत तो पत्रा तुम्हाला वाचवणार नाही.

पत्रा शाबूत, एप्रन सरळ, इंजिन ओळखीचं असेल तर मी दुरुस्तीच्याच बाजूने आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) गोव्यातल्या शंभरातल्या जवळपास 45 घरांत कार निघाली, देशात सर्वांत जास्त. पेडण्याच्या आतल्या गावातून रात्री पेशंटला म्हापशाच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं तर कारला चैन म्हणता येत नाही. तेवढ्याच पैशांत मिळणारी सेकंडहँड गाडी कोणी, कुठे ठोकली होती, ते कोण सांगणार? फक्त एक लक्षात घ्या: ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस सर्व नव्या कारना 2019 पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत हे असेलच असं नाही, आणि दुरुस्तीने ते येत नाही. फुटलेल्या एअरबॅगच्या किंवा सीटबेल्टच्या जागी मात्र भंगारातला भाग कधीही बसवू नका.

गाडी चौदा वर्षांची असेल तर पुढचंही गणित मांडा. पंधराव्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण आलं, त्याची फी 2022 पासून पाच हजार, आणि तपासणीत गाडी पास व्हायला हवी.

सोडायचीच ठरली तर भंगारवाल्याला चावी देऊन मोकळे होऊ नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक, मग गाडी मधे कितीही हात बदलो. आरसी पुस्तकावर नाव तुमचं असेल आणि त्याच गाडीने उद्या कोणाला उडवलं, तर नोटीस तुमच्याच दारात येते. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार चौदा दिवसांत वाहतूक खात्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.