कुत्रा चावल्यावर घेतलेली लस चालते कशी?

गोवराची किंवा पोलिओची लस आजाराआधी घ्यावी लागते. रेबीजची लस मात्र आपल्याकडे बहुतेकांना कुत्रा चावल्यानंतरच टोचली जाते, आणि तरीही ती जीव वाचवते. विषाणू आधीच अंगात शिरलेला असताना हे जमतं कसं? प्रतिकारशक्ती कशी चालते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

जखमेतले पहिले तास

दात लागला की जखमेतल्या पेशी धोक्याची रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते, ठणकते. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी तिथे जमून लाळेतले जीवाणू गिळू लागतात. ही जन्मजात प्रतिकारशक्ती. ती झटपट धावते, पण समोर नेमकं कोण आहे याची बारीक ओळख तिला नसते.

या घडीला रेबीजविरुद्ध सर्वांत कामाची वस्तू शरीराबाहेर, मोरीत असते : साबण. विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. म्हणून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना किंवा तिखट भरून विषाणू मरत नाही. जखम मात्र चिघळते.

खबरच पोचत नाही

उरलेला विषाणू स्नायूत काही काळ थांबतो, मग मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि आतल्या आत मेंदूकडे सरकू लागतो. सारी मेख इथेच आहे. एखाद्या विषाणूची नेमकी ओळख शरीराला पटते ती काखेतल्या, जांघेतल्या लसीकाग्रंथींमध्ये. डेंड्रायटिक पेशी विषाणूचे तुकडे तिथे नेऊन टी पेशींना दाखवतात. टी पेशींच्या मदतीने बी पेशी त्याच विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडं बनवतात. रेबीजचा विषाणू थोडका असतो आणि मज्जातंतूत दडलेला असतो. ग्रंथींपर्यंत पुरेसा नमुना पोचतच नाही. रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडं दिसतात ती बहुधा लक्षणं सुरू झाल्यावर, आणि तोवर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक झालेला असतो.

म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी असते असं नाही, तिला कळतंच उशिरा. तालमीत घडलेला धडधाकट गडीही याला अपवाद नाही, आणि ‘इम्युनिटी वाढवणारा’ कोणताही काढा इथे उपयोगाचा नाही.

आगाऊ सूचना

लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर असेल तर बरेचदा कमी. लस हीच मुदत वापरते. तिच्यात मारलेला विषाणू असतो. तो कुणाला आजारी पाडू शकत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन शाबूत असतं. दंडात टोचल्यावर ग्रंथींना भरपूर नमुना मिळतो आणि सात ते चौदा दिवसांत प्रतिपिंडं तयार होतात. विषाणू ज्या प्रथिनाच्या आधारे मज्जातंतूला धरतो, त्यालाच ती चिकटतात.

पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून ३, ७ आणि २८व्या दिवशी पुढचे डोस कातडीत देण्याची पद्धत आता रूढ आहे. त्वचेत डेंड्रायटिक पेशी दाट असल्याने दर जागी फक्त ०.१ मिलिलिटर लस पुरते आणि एका कुपीत जास्त रुग्णांचं भागतं. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस दिली, तेव्हा प्रतिपिंडं हा प्रकार कुणाला ठाऊकही नव्हता.

मधला आठवडा

लस काम करू लागेपर्यंतची पोकळी भरायला उसनी प्रतिपिंडं देतात. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून मिळवलेलं इम्युनोग्लोब्युलिन थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७मध्ये प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंडही या कामासाठी बाजारात आणलं. पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटले की मात्र ते देत नाहीत. तोवर शरीराचं स्वतःचं उत्पादन सुरू झालेलं असतं आणि उसनं त्यात अडथळा आणू शकतं.

पोटातली इंजेक्शनं

घरातल्या वडीलधाऱ्यांना पोटातली चौदा इंजेक्शनं अजून आठवतात. कसौलीत डेव्हिड सेंपलने विकसित केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. तिच्यात मज्जासंस्थेचे घटकही येत. क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती विषाणूबरोबर त्यांनाही परकं ठरवी आणि मग स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करी. त्यातून पक्षाघातही होई. ओळखण्यातली चूक किती महागात पडते ते यात दिसतं. भारतात २००५च्या सुमारास ही लस बंद झाली.

पुन्हा चावला तर

पूर्ण लसीकरण झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला, तर शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. मागे उरलेल्या स्मृतिपेशींना नव्याने शिकायचं नसतं. काही दिवसांतच प्रतिपिंडांचं प्रमाण भराभर वाढतं. जखम मात्र तेव्हाही पंधरा मिनिटं धुवायची, आणि दवाखान्यात जाताना लसीचा जुना कागद बरोबर न्यायचा. दोन डोस द्यायचे की सगळा क्रम नव्याने, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.