मंगळवेढ्याच्या मातीतील मोटारीची निगराणी

मोटारीबरोबर कारखानदाराकडून जी छापील पुस्तिका मिळते, आणि जी बहुधा विम्याच्या कागदांसमवेत पुढच्या खणात वर्षानुवर्षे न उघडता पडून राहते, तिच्यातील तपासणीचे कोष्टक चेन्नईच्या दमट किनाऱ्यावरील, हिमाचलच्या घाटातील आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील मोटारीस सरसकट एकाच मापाने लागू केलेले असते. ठरावीक हजार किलोमीटर किंवा ठरावीक महिने, यांपैकी जे आधी भरेल ते, असा त्या कोष्टकाचा दंडक. त्यात खोटे काही नाही. परंतु त्याच पुस्तिकेत बारीक अक्षरांत बहुधा आणखी एक कलम असते, ते असे की धुळीच्या, अतिउष्ण अथवा खडतर मार्गांवर चालणाऱ्या वाहनाची तपासणी याहून लवकर करावी. मंगळवेढेकराने वाचावयाचे कलम ते हेच.

कारण या तालुक्याची प्रकृतीच निराळी आहे. पाऊस तोकडा आणि बेभरवशाचा, चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पुढे, आणि पायाखाली ती खोल, चिकण, काळी जमीन, जिच्यावर रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते आणि जिच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या मातीचा मोठा गुण असा की परतीचा पाऊस एकदा पोटात घेतला की ती तो महिनोन्‌महिने धरून ठेवते, आणि त्या ओलीवर ज्वारी वरून थेंब न पडताही हुरड्यावर येते. शेतकऱ्यास वरदान ठरलेला हा गुणच मोटारीच्या पत्र्याचा वैरी आहे. पण त्याचा विचार पुढे करू. प्रथम टायर.

उन्हाळा लागला की चावडीपासून पंक्चरच्या टपरीपर्यंत एक सल्ला हमखास ऐकू येतो: ऊन कडक आहे, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल. सल्ला देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, परंतु परिणाम नेमका उलटा होतो. टायरमधील हवा तापली की तिचा दाब चढतो हे खरे. तापमान दहा अंशांनी वाढले तर बत्तीस पौंडांच्या टायरमध्ये साधारण दीड पौंडाची भर पडते, आणि ही वाढ निर्मात्याने आपल्या हिशोबात आधीच धरलेली असते. याउलट हवा कमी असलेला टायर रस्त्यावर चेपतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यास दुमडतात व उलगडतात, या सततच्या दुमडण्यातून आतल्या आत उष्णता निर्माण होते, आणि सांगोल्याच्या बाजूने वा सोलापूरकडे नव्या प्रशस्त राष्ट्रीय महामार्गावर भर दुपारी शंभराच्या वेगाने गाडी हाकली असता ती उष्णता रबर आणि आतील धाग्यांचा सांधा सैल करून टाकते. भर उन्हात महामार्गावर टायर फुटला की दोष उन्हाला दिला जातो; पुष्कळदा खरा गुन्हेगार महिनाभर न तपासलेली हवा हा असतो.

तेव्हा हवा पाहावयाची ती सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो आकड्यांचा कागद चिकटवलेला असतो त्याप्रमाणे. टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा कोरलेला असतो तो त्या टायरने सोसावयाची कमाल मर्यादा होय. ती आपल्या गाडीसाठी शिफारस समजून तेवढी हवा भरणारे सज्जन थोडेथोडके नाहीत. पाच माणसे व सामान घेऊन लांबच्या लग्नाला निघावयाचे असेल तर त्याच कागदावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो घ्यावा. धावून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये, कारण टायर निवला की तो नेमका कमी भरेल. आणि नायट्रोजन भरून घेण्याचा आग्रह कोणी धरलाच तर एवढे ध्यानात ठेवावे की साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो.

टायरची झीज ही एक प्रकारची खातेवही आहे. वाचता आली तर ती गाडीचा सगळा कारभार उघड करते. मधला पट्टा झिजला असेल तर हवा सतत जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी राहिली. एकच कड खाल्ली गेली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे, आणि ते बहुधा एखाद्या खड्ड्यात किंवा रात्री न दिसलेल्या गतिरोधकावर बिघडलेले असते. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. झिजता झिजता रबर त्या उंचवट्यांच्या पातळीस आले म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, आणि मोटारीच्या बाबतीत कायद्याची मर्यादाही तीच आहे. वयाची नोंदही तेथेच सापडते: भिंतीवरील लांबलचक क्रमांकाच्या शेवटी लंबवर्तुळात चार अंक असतात, ते 2321 असतील तर टायर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हा आकडा मंगळवेढ्यासारख्या गावात विशेष महत्त्वाचा, कारण येथे पुष्कळ मोटारी चालून झिजत नाहीत, उभ्या राहून म्हाताऱ्या होतात. मुलगा पुण्यास, गाडी दारात, आणि वापर एकादशीस पंढरपूरला जाण्यापुरता, अशा गाडीच्या टायरांच्या खाचा नव्यासारख्या दिसतात, पण भिंतींवर केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या असतात. पाच-सहा वर्षांनंतर अशा टायरची जाणकाराकडून तपासणी करवून घ्यावी आणि दहा वर्षांपलीकडे तो, कितीही देखणा असला तरी, वापरू नये.

काट्यांबद्दल या भागात स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल. पौष-माघात हुरड्याच्या निमित्ताने शहरातील गाड्या ज्या पाणंदींनी रानात शिरतात, त्यांच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ माजलेली असते, आणि तिचा वाळलेला काटा ट्यूबलेस टायरमध्ये असा बेमालूम रुततो की हवा दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरते आणि मालकास आधीच्या पंक्चरवाल्याचा संशय येतो. अनुभवी कारागीर प्रथम साबणाच्या पाण्याचा फडका सबंध चाकावर फिरवितो. जेथे बारीक फेस धरून बुडबुडा फुगतो तेथे चिमट्याने काटा उपसतो, कानशीच्या सळईने भोक साफ करतो आणि डिंकात बुडविलेली दोरी आत ठोसून वरचा भाग ब्लेडने कापून टाकतो. हे काम चालण्याच्या पट्ट्यावर चालते. काटा भिंतीत घुसला असेल तर मात्र दोरी तेथे टिकत नाही, आणि कारागिराने टायर बदला म्हटले तर तो लबाडी करतो असे समजू नये.

त्याच हुरड्याच्या रानातला आणखी एक धोका येथेच सांगून ठेवतो: गाडी वाळल्या गवतावर, कडब्यावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये. धुराड्याच्या मार्गात जे शुद्धीकरणाचे डबे असतात ते चालत्या गाडीत कित्येक शे अंशांपर्यंत तापलेले असतात, आणि वाळलेल्या काडीला त्याहून पुष्कळ कमी उष्णता पुरते.

आता फ्यूजकडे वळू. या लहानशा वस्तूविषयी जेवढा गैरसमज आहे तेवढा मोटारीतील दुसऱ्या कोणत्याही भागाविषयी नसेल. फ्यूज दिव्याच्या किंवा भोंग्याच्या रक्षणासाठी बसविलेला आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो तारेचा रक्षक आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर साठ वॉटचा एक दिवा पाच अँपिअर प्रवाह घेतो. त्या हिशोबाने तारेची जाडी ठरते, आणि तारेला जेवढा प्रवाह निर्धास्त सोसतो त्याच्या आत वितळेल अशी धातूची पट्टी फ्यूजमध्ये बसवितात. कोठे तार घासून पत्र्याला टेकली की प्रवाह एकाएकी अनेक पटींनी वाढतो, पट्टी क्षणार्धात वितळते, आणि जेथे आग लागावयाची तेथे केवळ एक दिवा विझतो.

जुन्या गाड्यांत हे फ्यूज काचेच्या किंवा चिनी मातीच्या नळीचे असत. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या फियाट गाड्या बाहेर पडल्या, त्यांचे मालक पाना, पकड आणि फ्यूज यांच्याशी घरोबा ठेवूनच असत. आजचा फ्यूज दोन पात्यांचा, पारदर्शक रंगीत प्लॅस्टिकचा: दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, पंचविसाचा रंगहीन, तिसाचा हिरवा. उजेडासमोर धरला की आतली वाकडी पट्टी दिसते; ती मधोमध तुटून कडांना काजळी धरली असेल तर फ्यूज गेला. गाडीत त्यांच्या बहुधा दोन पेट्या असतात, एक चालकाच्या बाजूस स्टिअरिंगखाली आणि दुसरी बोनेटमध्ये बॅटरीजवळ. झाकणाच्या आतल्या अंगास कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो, आणि पुष्कळदा फ्यूज उपटावयाचा एक चिमुकला प्लॅस्टिकचा चिमटाही.

अडचण आपल्या सवयीत आहे. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीत किटकॅटच्या फ्यूजला ठरलेल्या बारीक तारेऐवजी हाताला लागेल ती तांब्याची जाड तार बांधावयाची, म्हणजे पुन्हा जाण्याची कटकट नको, ही युक्ती रानोमाळ रुजलेली आहे, आणि तीच मोटारीत शिरते. दहाचा लाल फ्यूज दोनदा गेला की तिसऱ्यांदा तिसाचा हिरवा बसविला जातो, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळली जाते. दिवा लागतो, मालक खूश होतो, आणि त्या घटकेपासून डॅशबोर्डच्या आतली दृष्टीआडची तार हीच फ्यूजचे काम करू लागते. वितळावयाची वेळ आली म्हणजे तीच वितळते, आवरणासकट. फ्यूज पुनःपुन्हा जात असेल तर त्याचा अर्थ कोठेतरी दोष आहे असाच घ्यावा आणि वायरिंग जाणणाऱ्याकडे गाडी न्यावी. वरातीसाठी बसविलेले कर्णकर्कश भोंगे आणि आसनाखालचे दणदणीत स्पीकर यांनाही त्यांचा स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवा. मूळ तार सोलून तेथेच जोड देणारा कारागीर स्वस्त पडतो, पण तेवढ्यापुरताच.

सुगीनंतर आणखी एक उपद्रव सुरू होतो. ज्वारी निघाली, रान मोकळे झाले की उंदीर वस्तीकडे सरकतात आणि रात्री बोनेटखाली ऊब शोधतात. तारांचे आवरण त्यांना प्रिय. तंबाखूच्या पुड्या ठेवण्यापासून नाना उपाय लोक करतात. त्यांपैकी कोणताही पक्का नाही, तेव्हा आठ-पंधरा दिवसांनी बोनेट उघडून पाहावे आणि धान्याची पोती व गाडी एका छपराखाली ठेवू नयेत, यापलीकडे मोठा बंदोबस्त सांगता येत नाही.

आणि आता गंज. अवर्षणाच्या मुलखात कसला गंज, असे वाटणे साहजिक आहे. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा सडतो तसा येथे सडत नाही हे मान्यच. परंतु लोखंडाला गंजण्यासाठी धो धो पाऊस लागत नाही, ओल आणि हवा पुरे. गंजाचा थर सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, तो फुगून सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून गंज एकदा लागला की आपणहून थांबत नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केल्याची कथा ज्या गावाच्या तोंडी आहे, त्याला धान्य कसे नासते हे सांगावयास नको: पेवावर पडलेल्या पावसाने नासत नाही, तर आत कोंडलेल्या ओलीने. पत्र्याचेही तसेच आहे. रानातून आलेल्या गाडीच्या मडगार्डात काळ्या मातीचे जे लपके बसतात ते वरून वाळून कठीण होतात, पण पत्र्याला चिकटलेली त्यांची आतली बाजू दिवसेंदिवस ओली राहते. दारांच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्यासाठी जी बारीक भोके ठेवलेली असतात, ती याच मातीने बुजली की काचेच्या फटीतून उतरलेले पाणी दारातच साचते, आणि काही वर्षांनी दाराच्या खालच्या कडेवर रंगाखाली फोड दिसू लागतात. फोड दिसला तेव्हा गंज आतून बाहेर आलेला असतो. बाहेरून पॉलिश करून तो मागे फिरत नाही.

म्हणून पावसाळ्यात पाण्याचा झोत वरच्या रंगावर जितका मारतो तितकाच चाकांच्या कमानीत आणि गाडीच्या पोटाखाली मारावा, निचऱ्याची भोके काडीने मोकळी करावीत, डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी नाही ना ते पाहावे. पाऊस सरल्यावर खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते, त्याच दिवशी गाडीखाली बॅटरी घेऊन एकदा वाकून पाहण्याचा परिपाठ ठेवला तर उत्तम. मात्र पूजेनंतर बोनेटवरचे हळदकुंकू आणि ओले हार आठवडाभर तसेच ठेवू नयेत. मंगळवेढ्यावरून जाणारा महामार्ग थेट रत्नागिरीहून येतो, आणि दिवाळीच्या सुटीत समुद्र पाहून परतलेली गाडी खालच्या बाजूस मीठ घेऊन येते. तिला गोड्या पाण्याने पोटातून धुऊन काढण्याचे काम घरी पोचताच करावे, चार दिवसांनी नव्हे.

दगड उडून रंगाचा टवका गेला असेल, आणि उसाच्या गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या मागे चालणाऱ्या गाडीचे असे टवके जातच असतात, तर पॉलिश पेपरने तेवढी जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावी, त्यावर प्रायमर आणि मग रंगाचा हात त्याच दिवशी द्यावा. गंज तसाच ठेवून वर लांबी भरणे म्हणजे पैसे देऊन गंजाला पांघरूण घालणे होय. पोटाखाली जो काळा लेप देतात तो चांगला, पण तो स्वच्छ धुतलेल्या आणि पूर्ण सुकलेल्या पत्र्यावर. ओल्या मातीवर दिलेला लेप ती ओल आतच कोंडतो.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. हवेचा फिल्टर येथे कोष्टकापेक्षा लवकर भरतो. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी घालू नये, त्यातील क्षार नळ्यांत बसतात. तयार शीतकच घालावे. बॅटरीच्या टोकांवर जमणारी पांढरट-हिरवी भुकटी सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावावे. तार सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि बसविताना शेवटी बसवावे.

राहिली एक जागा, जेथे टायर आणि गंज यांची गाठ पडते. दाराखालच्या पट्टीला जॅक लावण्यासाठी चार मजबूत ठिकाणे ठरवून दिलेली असतात, आणि चिखल साचून सडण्याचीही तीच ठिकाणे. पत्रा तेथे आतून कुजला असेल तर जॅक गाडी उचलण्याऐवजी पत्र्यातून वर घुसतो, आणि हे कळण्याची वेळ बहुधा रात्रीची, माचणूरच्या पुढची, स्टेपनी हातात धरलेली असते. लांबच्या प्रवासाआधी दारातच, सपाट जमिनीवर, एकदा चारही ठिकाणी जॅक लावून पाहावा. आणि त्याच वेळी स्टेपनीतील हवाही मोजावी, कारण वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते.