पिक्चर वाईट होता, की दिवस वाईट होता?

हे आपल्या या भागाचं लिखित रूप. हेडफोनची चार्जिंग संपली असेल, नाहीतर कामावर कानात काही घालता येत नसेल, तर निवांत वाचून काढा.

मी बोलतोय खंडाळ्यातून. ‘गुलाम’च्या गाण्यातलं खंडाळा नव्हे, ते तिकडे लोणावळ्याजवळ. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजचा विषय समजून घ्यायला घाट फार उपयोगी आहे.

समजा, शनिवारी तुम्ही साताऱ्याला सहाच्या शोला निघालात. घाटात एक कंटेनर बंद पडलाय, मागे दोन किलोमीटर रांग. तासभर हॉर्न, धूर, शिव्या. कसेबसे पोचलात तेव्हा पहिली वीस मिनिटं गेलेली. पिक्चर विनोदी आहे, पण तुम्हाला एकही विनोद लागत नाही. बाहेर पडल्यावर तुम्ही ग्रुपवर टाकता, “बकवास. पैसे वाया.” त्याच शोला तुमचा मित्र पोट धरून हसत होता. मग खरं कोणाचं?

याचं एक उत्तर डॉल्फ झिलमान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1971 च्या सुमारास मांडलं. आपण चिडतो किंवा घाबरतो तेव्हा छाती धडधडते, श्वास वाढतो. कारण संपलं तरी शरीर लगेच शांत होत नाही, त्याला वेळ लागतो. डोकं मात्र तोवर पुढच्या गोष्टीवर गेलेलं असतं. मग शरीरातली ती उरलेली खळबळ पुढच्या गोष्टीच्या नावावर चढते. घाटातली चिडचिड पिक्चरच्या खात्यात जमा होते. हे उलटंही चालतं. क्रिकेटची मॅच जिंकून आलेल्या पोरांना साधी मारामारीसुद्धा भारी वाटते.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. 1983 साली नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि जेराल्ड क्लोर या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेत लोकांना फोन करून विचारलं होतं, तुम्ही आयुष्यात कितपत समाधानी आहात? काहींना छान ऊन पडलेलं असताना फोन केला, काहींना पावसाळी दिवशी. उन्हातल्या लोकांनी जास्त समाधान सांगितलं. पण फोन करणाऱ्याने आधी सहज “तुमच्याकडे हवा कशी आहे?” असं विचारलं, की हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे, मूड कशामुळे आहे हे लक्षात आलं की माणूस त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडत नाही. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

आता फक्त मूडच नाही, जागाही बघा. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला आला. थिएटरात ‘झिंगाट’ला पब्लिक पडद्यासमोर जाऊन नाचत होतं. आणि त्याच पब्लिकला शेवटच्या प्रसंगात नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. पूर्ण शांतता. इतका वेळ नाचलेल्या, शिट्ट्या मारलेल्या हॉलमध्ये ती शांतता अंगावर येते. तोच शेवट एसटीत, मोबाईलवर, एक इअरफोन मित्राच्या कानात देऊन बघा. शांततेच्या जागी इंजिनाची घरघर येते आणि कंडक्टर “शिरवळ, शिरवळ” ओरडतो. पिक्चर तोच, पण दिग्दर्शकाने ठेवलेली गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलीच नाही.

हसण्याचंही तसंच. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या साधारण 30 पट सोबतीत हसतो. त्यामुळे नाईट शिफ्ट करून आलेल्या माणसाने पहाटे एकट्याने मोबाईलवर बघितलेला विनोदी पिक्चर ‘फ्लॉप’ वाटला, तर त्यात नवल नाही. जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून, रेघोट्या उठलेला जुना पिक्चरसुद्धा लोकांना का आवडायचा, तेही इथे कळतं. माणसं जत्रेच्या मूडमध्येच आलेली असायची, आणि शेजारी अख्खं गाव.

आता जरा नाजूक मुद्दा. 1991 चा ‘माहेरची साडी’. विजय कोंडके यांचा पिक्चर, अलका कुबल मुख्य भूमिकेत. आज रील्सवर त्यातल्या रडण्याची टिंगल होते. पण ज्या बायका तेव्हा तो बघायला गेल्या, त्यांची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. घरात सासू-सासरे, दीर-जावा. रडायचं तर चुलीच्या धुराचं निमित्त करायचं. थिएटरच्या अंधारात मात्र शेजारची अनोळखी बाईही पदर डोळ्याला लावून बसलेली. तिथे रडायला कारण सांगावं लागत नव्हतं. त्या फक्त पडद्यावरच्या लक्ष्मीसाठी रडत नव्हत्या. तुमच्या आईला किंवा आजीला तो पिक्चर आवडत असेल, तर हसण्याआधी एकदा विचारा, कोणाबरोबर बघितला होतास? पिक्चरपेक्षा मोठी गोष्ट ऐकायला मिळेल.

लॉकडाऊननंतरचंही आठवा. महाराष्ट्रातली थिएटरं 22 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडली. महिन्याभरात, 19 नोव्हेंबरला ‘झिम्मा’ आला. गोष्ट काय, तर घराबाहेर पडलेल्या बायकांची सहल. बघणारेही दीड वर्ष घरात कोंडलेले. पिक्चर चांगला होताच, पण वेळही जुळून आली.

मग काय, चांगलं-वाईट असं काही नसतंच? तसं नाही. रटाळ पटकथा छान मूडमध्येही रटाळच राहते. पण मधले खूप पिक्चर असे असतात, की त्यांचं पारडं आपल्या दिवसावर हलतं. आणि मराठी पिक्चरला वेळ कमी मिळतो. पहिल्या शनिवार-रविवारी बोलबाला झाला नाही, तर सोमवारपासून शो कमी व्हायला लागतात. तुमच्या घाटातल्या कंटेनरची शिक्षा कोणाच्या तरी दोन-तीन वर्षांच्या कामाला कशाला?

म्हणून स्टार द्यायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. जेवलो होतो का? झोप झाली होती का? कोणाबरोबर, कुठे बघितला? उत्तरं देऊनही पिक्चर वाईटच वाटला, तर बिनधास्त लिहा. तुमचं मत आता जास्त खरं असेल.

आणि कमेंटमध्ये सांगा, अर्ध्यात सोडलेला कोणता पिक्चर नंतर आवडला? तो सोडला त्या दिवशी काय झालं होतं? पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचतो. तोवर घाटात गाडी सावकाश चालवा. भेटूच!