रात्री दोन वाजता उठवणारा बाप

एप्रिल लागला की आमच्या कुहीत निळ्या पताका चढू लागतात. वस्तीवस्तीत वर्गणी, मिरवणुकीची तयारी आणि पोरापोरींची भाषणं पाठ करणं सुरू होतं. बचत गटाच्या कामानं माझं घरोघरी जाणं असतं, त्यामुळे ही भाषणं जयंतीच्या आधीच माझ्या कानावर पडतात. बहुतेक भाषणांत सुभेदार रामजींच्या वाट्याला एकच वाक्य येतं, 'त्यांच्या वडिलांचे नाव रामजी व आईचे नाव भीमाबाई होते.' झालं! पुढे लगेच परदेश, पदव्या आणि राज्यघटना.

यंदा मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडणाऱ्या बायकांजवळ बसले होते. बोलता बोलता त्यातली एक म्हणाली, "ताई, बाबासाहेबाची माय तं लहानपणीच गेली म्हनते. मंग त्याइले लहानाचं मोठं केलं कोनं?"

मैत्रिणींनो, किती साधा प्रश्न! पण तो एका बाईलाच सुचावा. घर कोणी चालवलं, पोरांना जेवू कोणी घातलं, वह्या-पुस्तकांचा पैसा कुठून आला, हे आपल्यालाच आधी दिसतं. बी.ए.ला असताना मी खैरमोड्यांच्या चरित्राचा पहिला खंड वाचला होता, धनंजय कीरांचंही चरित्र वाचलं होतं. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. आता चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा काढून वाचलं, तेव्हा त्यातला बाप दिसला.

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबवड्याचे. त्यांचे वडीलही फलटणीतले. रामजी सैन्यात सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि सैन्याच्याच शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. त्या काळी सैनिकांच्या मुलांबरोबर मुलींनाही फलटणीतल्या शाळेत शिकवत. म्हणजे शाळा हा या घराला परका शब्द नव्हता. १८९२ मध्ये सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेतला होता. घरात कबीरपंथ. दारू-मांसाला स्पर्श नाही. सकाळ-संध्याकाळ दोहे आणि अभंग, आणि पोरांनी त्या वेळी जागेवर हजर असलंच पाहिजे!

रामजी-भीमाबाईंना चौदा मुलं झाली. चौदावा भीवा, जन्म १४ एप्रिल १८९१, महू इथे. चौदा बाळंतपणं म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. त्यातली मोठी झाली ती मोजकीच. पुढे नोकरी संपली, बिऱ्हाड आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. तिथे १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. भीवा तेव्हा पाचेक वर्षांचा होता. घर सावरायला आली रामजींची बहीण, मीराबाई. शरीरानं अधू होती, पण लेकरांना तिनंच पोटाशी धरलं. अशी एक आत्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत असते, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. या आत्याचं नाव निदान चरित्रात तरी आलं.

भाषणात कधीच न येणारी गोष्ट आता सांगते. रामजींची थोरली लेकही गेली. तिची दोन मुलं मागे राहिली आणि ती याच घरात आली. म्हणजे बायको गेलेला हा माणूस एकाच वेळी बिनआईच्या लेकरांचा बाप होता आणि बिनआईच्या नातवांचा आजोबाही. स्वतः खटाव तालुक्यात नोकरीला. दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते रोखपाल होते. पोरं-नातवंडं साताऱ्यात आत्याच्या हवाली.

१९०१ च्या उन्हाळ्यात या मुलांना आजोबा-बाबांकडे सुट्टीला जायचं होतं. नवे सदरे, नवे जोडे, टोप्या. आगगाडीत बसायचा केवढा आनंद! मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कोणीच आलेलं नाही, कारण पत्र ज्या शिपायाच्या हाती पडलं त्यानं ते रामजींना दिलंच नव्हतं. मुलं महार आहेत कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडं दिलं तेव्हा एक तयार झाला, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार. सोबत जेवणाचा डबा होता, पण रात्रभर कोणी पाणी दिलं नाही. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. नऊ वर्षांच्या पोराला तो प्रवास जन्मभर विसरता आला नाही. मी मात्र वाचताना दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बापाचा विचार करत राहिले. दुसऱ्या दिवशी तहानेली, धुळीनं माखलेली लेकरं दारात उभी राहिली, तेव्हा त्या निवृत्त सुभेदाराला काय वाटलं असेल?

रामजींनी दुसरं लग्न केलं, हेही सांगायला हवं. नव्या आईच्या, जिजाबाईंच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भीवा चिडायचा. पोराचा राग समजतो. पण दुसरेपणावर आलेल्या त्या बाईचाही विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. वाढत्या मुलांच्या भरल्या घरात तिला कोणी विचारलं असेल?

१९०४ मध्ये सगळे मुंबईला आले. परळला डबक चाळ, एकच खोली. चूल तिथेच, जळण तिथेच, भांडी तिथेच आणि माणसंही तिथेच. त्यात एका पोराला एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकायचंय. मग रामजींनी तोड काढली. संध्याकाळी जेवण झालं की भीवाला लवकर झोपवायचं. स्वतः जागं राहायचं. रात्री दोन वाजले की पोराला उठवायचं, दिव्याशी बसवायचं आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी आपण आडवं व्हायचं! दोघांना एकदम नीट झोपता येईल एवढी जागाच नव्हती. रोज रात्री दोनला उठवायचं म्हणजे रोज दोनपर्यंत डोळा लागू द्यायचा नाही. पेन्शनीतला म्हातारा माणूस हा. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेचा महिनाभर पहाटे चारला चहा करून द्यायचा म्हटलं तरी आपण आया कुरकुरतो (मीही कुरकुरले आहे).

इंग्रजी रामजींनी स्वतः पक्कं करून घेतलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पोराकडून घोटून घेतली. रामायण-महाभारत वाचायला लावत. भीवानं एकदा विचारलं, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी सांगणारी ही पुस्तकं आपण का वाचायची? बापानं पोराला गप्प बसवलं नाही. आपण अस्पृश्य म्हणून तुझ्या मनात कमीपणा येईल, तो जावा यासाठी वाच, असं त्याचं उत्तर होतं. कर्ण बघ, द्रोण बघ, वाल्मीकी बघ, लहान घरातली माणसं कुठवर गेली! हे उत्तर लेकाला पूर्ण पटलं नाही, असं लेकानंच पुढे लिहिलंय. पण बापाला उलट प्रश्न विचारता येतो असं घर होतं ते.

आता पुस्तकांच्या पैशाची गोष्ट. मैत्रिणींनो, ही नीट ऐका. भीवाला शाळेच्या पुस्तकांशिवाय इतर पुस्तकं विकत घ्यायचं वेड. तो नवं पुस्तक मागायचा आणि रामजींच्या खिशात पैसे नसायचे. मग हा बाप उठायचा आणि लग्न झालेल्या लेकीच्या घरी जायचा. रामजींच्या दोन लेकी मुंबईतच होत्या, मंजुळा आणि तुळसा. एकीकडे चार रुपये उसने मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर दुसरीकडे. ती अंगावरचा दागिना काढून द्यायची. तो मारवाड्याकडे गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचं आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत.

लग्नात बापानंच घातलेलं सोनं बापाच्या हातावर परत ठेवायचं, तेही भावाच्या पुस्तकासाठी! माहेरचं सोनं म्हणजे काय असतं हे तुम्हाला-मला सांगायला नको. गळा किंवा हात रिकामा दिसला की सासरी विचारणा होतेच. आणि लेकीच्या दारात मागायला जाणं सुभेदारालाही सोपं गेलं नसेल. आपल्याकडे लेकीच्या घरचं पाणीही प्यायला न धजणारे बाप अजून आहेत. रामजींनी तो मान बाजूला ठेवला. आमच्या गटातल्या एकीनं मागच्या वर्षी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी डोरलं गहाण ठेवलं. नवरा म्हणाला, सोयाबीन निघालं की सोडवतो. त्यानं सोडवलंही. मी तिला मंजुळा-तुळसाची गोष्ट सांगितली तर ती लाजून हसली आणि म्हणाली, "मंग आपलं काई चुकलं नाई म्हना."

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. याच बापानं १९०६ मध्ये भीवाचं लग्न लावून दिलं. नवरा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, नवरी रमाई नऊ वर्षांची. त्या काळची रीत होती, खरं आहे. पण पोराच्या अभ्यासासाठी रात्र जागणाऱ्या माणसाला त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात पाटी द्यावी असं सुचायला हवं होतं, असं मला वाटतं.

१९०७ मध्ये भीवा मॅट्रिक झाला. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती, मग बी.ए. १२ डिसेंबर १९१२ ला भीमरावांना मुलगा झाला, यशवंत. रामजींच्या मांडीवर लेकाचा लेक आला. थकलेल्या म्हाताऱ्याला आणखी काय हवं? पण बडोद्याची नोकरी बोलावत होती. लेकानं तिथे जाऊ नये असं रामजींना वाटत होतं. तरी जानेवारी १९१३ मध्ये भीमराव गेले.

थोड्याच दिवसांत तार आली, वडील आजारी आहेत. भीमराव निघाले. वाटेत सुरतेला गाडी थांबली, तेव्हा बापासाठी मिठाई घ्यायला खाली उतरले. तेवढ्यात गाडी सुटली. दुसरी गाडी मिळून घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. अंथरुणावरच्या रामजींची नजर दाराकडे होती. लेक जवळ बसला, बापानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळानं प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. यशवंत तेव्हा दोन महिन्यांचाही नव्हता.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. रामजींना ते दिसलं नाही. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, लंडनला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा जाडजूड ग्रंथ निघाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यांनी सोसलेल्या त्यागाबद्दल आणि आपल्या शिक्षणाच्या बाबतीत दाखवलेल्या जाणतेपणाबद्दलची ही कृतज्ञता आहे, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. यंदाच्या जयंतीला आमच्या वस्तीतली आठवीतली एक पोरगी रामजींवर बोलणार आहे. तिला मी मंजुळा आणि तुळसा ही दोन नावं कागदावर लिहून दिली आहेत.