उत्तरेची यात्रा : आधी शिखरजी, मग उरलेली नगरे

चाकूर, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यातील आपल्या समाजाच्या घरांत उत्तरेच्या यात्रेचा विषय निघाला की प्रथम एक लांबलचक यादी तयार होते. अयोध्या, वाराणसी, राजगीर, पावापुरी, चंपापुरी, शिखरजी, हस्तिनापूर, आग्रा आणि जमल्यास दिल्लीही. हाताशी दिवस मात्र जेमतेम पंधरा असतात, कारण त्याहून अधिक काळ पेढी सोडणे व्यापारी कुटुंबास सहसा जमत नाही. म्हणून कोणती नगरे घ्यावीत, याआधी कोणती सोडावीत याचा विचार करणे इष्ट ठरते.

या विचाराला आधार आपल्या परंपरेतच आहे. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर सम्मेदशिखरावरून मोक्षाला गेले. भगवान वासुपूज्यांचे निर्वाण चंपापुरीचे, भगवान महावीरांचे पावापुरीचे. अयोध्या ही भगवान ऋषभदेवांसह पाच तीर्थंकरांची जन्मभूमी, तर वाराणसी आणि तिचा परिसर सुपार्श्वनाथ, चंद्रप्रभ, श्रेयांसनाथ व पार्श्वनाथ या चौघांची. शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ यांचा जन्म हस्तिनापूरचा. ही स्थाने नकाशावर मांडली की यात्रेचे दोन भाग आपोआप पडतात. शिखरजी, पावापुरी, राजगीर, चंपापुरी, वाराणसी व अयोध्या ही पूर्वेची यात्रा. हस्तिनापूर, मथुरा, आग्रा ही पश्चिमेची. दोन्ही एकाच फेरीत उरकू पाहणाऱ्याचे निम्मे दिवस प्रवासातच जातात.

पश्चिमेची यात्रा आपल्यासाठी तुलनेने सोपी आहे. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस आग्रा व मथुरा मार्गे नवी दिल्लीस पोहोचते आणि दिल्लीहून मेरठ जिल्ह्यातील हस्तिनापूर मोटारीने गाठता येते. ही यात्रा पुढेही करता येईल. पूर्वेच्या यात्रेसाठी लातूर रोड जंक्शनवरून परळी, परभणी मार्गे मनमाड गाठावे लागते. तेथे जबलपूर व गया मार्गे जाणारी मुंबई-हावडा मेल मिळते आणि ती पारसनाथ स्थानकावर थांबते. स्थानकावरून पायथ्याचे मधुबन मोटारीने जवळ आहे.

पूर्वेच्या यात्रेतही शिखरजी प्रथम घ्यावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. पर्वताची उंची सुमारे १३६५ मीटर आहे. नऊ किलोमीटर चढण, वर टोकांच्या वंदनेचे नऊ आणि उतरणीचे नऊ, असे सत्तावीस किलोमीटर चालणे होते. यात्रेकरू पहाटेच्या अंधारात निघतात, अनेक जण उपवास धरून चढतात. आधीची पाच नगरे फिरून थकलेल्या पायांनी हे साधत नाही. डोलीची सोय आहे, तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. पण ‘दुकान मुलांच्या हाती गेले की जाऊ’ असे म्हणत यात्रा पुढे ढकलणाऱ्यांची पावले पर्वताच्या पायथ्याशीच थबकतात. आई-वडिलांचे गुडघे साथ देत आहेत तोवरच त्यांना येथे नेणे, हे मुलांचे कर्तव्य आहे.

आग्र्याचे जैन व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात त्यांचे वडील खरगसेन शिखरजीच्या संघयात्रेस गेल्याचा आणि परतीच्या वाटेत आजारी पडल्याचा वृत्तान्त आहे. आज रेल्वे आहे, औषधे आहेत. तरीही विश्रांतीचा दिवस यात्रेतून वगळू नये. वंदनेच्या दुसऱ्या दिवशी मधुबनातच मुक्काम करावा.

काळाचा प्रश्न त्याहून अवघड. पावापुरीच्या जलमंदिरी जाण्याचा परमदिवस म्हणजे आश्विन अमावास्या, भगवंतांचा निर्वाणदिन. नेमके तेव्हाच आपल्या बाजारात सोयाबीनची आवक भरात असते आणि पेढीवर वहीपूजनही असते. पौषात तुरीची आवक सुरू होते आणि उत्तरेत दाट धुके पडून गाड्या रखडतात. तुरीची घाई ओसरल्यावर, फाल्गुनातील उन्हे कडक होण्यापूर्वीचे दिवस बहुतेकांना सोयीचे. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर दिवाळीनंतरचा पंधरवडा भावांनी आपसांत वाटून घ्यावा. एकाने पेढी सांभाळावी, दुसऱ्याने आई-वडिलांना न्यावे.

नगरांचा क्रम ठरवताना सूर्यास्तही मोजावा. ज्यांचा चौविहार आहे, त्यांनी संध्याकाळच्या जेवणापूर्वी धर्मशाळेत पोहोचता येईल असाच पुढचा टप्पा निवडावा. राजगीर आणि पावापुरी दोन्ही नालंदा जिल्ह्यात असल्याने एकाच मुक्कामातून होतात. वाराणसीत भेलूपूर, भदैनी आणि सारनाथ यांसाठी दोन दिवस पुरतात. तेथून अयोध्या करून परतावे. दिवस कमी पडले तर चंपापुरी पुढच्या खेपेस ठेवावी.

शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. तीर्थाला पर्यटन म्हणू नये, असा आग्रह आपणच धरला. मग आपली यात्राही पर्यटनासारखी धावतपळत नसावी. चार नगरे कमी झाली तरी चालेल, पण प्रत्येक ठिकाणी एक सामायिक शांतपणे व्हावे.