शिडाच्या होडीचं छोटं इंजिन

भिवंडीजवळच्या काल्हेरच्या काठावर ओहोटी लागली की खाडीचं पाणी वसईच्या दिशेने धावत सुटतं. त्यात वारा पडला तर शीड कितीही देखणं असो, होडी पाण्याच्या मर्जीने जाते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि पुढे याच खाडीत आरमाराची जहाजं बांधली जाऊ लागली. त्या काळी वारा पडला की वल्ही मारायची, नाहीतर नांगर टाकून भरतीची वाट बघायची. आता मागच्या फळीला चार-पाच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन लावता येतं. कशेळीच्या पुलाखालून जाताना उंच डोलकाठी उतरवावी लागली, तर शीड बादच. तिथे हे इंजिनच कामाला येतं.

ते घेताना दांडा लांब बघावा, २० इंची. लाटेवर होडीची मागची बाजू उचलली की १५ इंची इंजिनाचा पंखा हवा खातो, आवाज वाढतो आणि होडी जागची हलत नाही.

इंजिन थंड राहतं ते खाडीच्याच पाण्याने. खालच्या भागातलं रबरी पात्यांचं चक्र, म्हणजे इम्पेलर, पाणी वर ढकलतं आणि त्यातली एक बारीक धार बाहेर पडते. इंजिन सुरू झाल्याबरोबर आधी ती धार बघायची. गाळ, प्लास्टिक किंवा उल्हास नदीतून वाहत आलेली जलपर्णी पाण्याच्या तोंडाशी अडकली की धार मंदावते. मग लगेच इंजिन बंद. अशा गढूळ खाडीत इम्पेलर दरवर्षी बदलावा, धड दिसला तरी. परत आल्यावर पिंपात गोडं पाणी भरून त्यात इंजिन थोडा वेळ चालवलं की आतलं मीठ धुऊन निघतं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. बरेचदा जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळून सील कापतो.

एवढं करूनही शिडाच्या होडीवरचं इंजिन चालून बिघडत नाही, पडून बिघडतं. मासेमाराचं रोज धडधडतं. शीडवाल्याला त्याचा आवाजच नको असतो, म्हणून ते महिनोन्‌महिने झाकलेलं राहतं. त्यात पंपावरचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर ते तसंच राहिलं तर पाणी तळाला बसतं आणि कार्ब्युरेटरचं जेट चोंदतं. दसऱ्याला मग दोरी ओढून खांदा दुखतो आणि दोष प्लगला दिला जातो.

तेव्हा जूनआधी, पिंपातल्या गोड्या पाण्यात असतानाच, पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावं. टाकी रिकामी करावी, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, दोरी हळू ओढून ते पसरवावं. इंजिन उभंच ठेवावं. फोर-स्ट्रोक आडवं करायचंच असेल, तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.